न्हावा-शेवा, नॉटपेट्या आणि ‘अपडेट करा’ हा अर्धवट सल्ला



संशोधनासाठी कोणता लॅपटॉप घ्यावा? विंडोज १० वरून ११ वर जावं की सरळ लिनक्स टाकावं? जुन्या मशिनमध्ये रॅम वाढवून भागेल का? पीएचडीची तयारी करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला हे प्रश्न पडतात आणि उत्तरही ठरलेलं मिळतं: “नवीन घ्या आणि कायम अपडेट ठेवा.” या उत्तराला आधार म्हणून सुरक्षेवरच्या व्याख्यानांत मर्स्क कंपनीचं उदाहरण दिलं जातं. जुनी ऑपरेटिंग सिस्टिम चालवली, अपडेट केलं नाही, आणि एका दुपारी जगभरचा कारभार ठप्प झाला, अशी ती गोष्ट.

त्या गोष्टीचा एक तुकडा आपल्या उरण तालुक्यात घडला आहे. म्हणून आज ती गोष्ट जिथून पसरली त्या पुस्तकाकडे जरा टीकेच्या नजरेने बघू. पुस्तक आहे अँडी ग्रीनबर्ग यांचं ‘सँडवर्म’, २०१९ सालचं. मर्स्कवरचा भाग त्याआधी ऑगस्ट २०१८ मध्ये ‘वायर्ड’ मासिकात आला होता. माझा मुद्दा थोडक्यात असा: पुस्तक चांगलं आहे, पण त्यातून आपण काढतो तो धडा पुस्तकातल्याच पुराव्यावर टिकत नाही. आणि तो चुकीचा धडा घेऊन तुम्ही मशिन निवडलंत तर पैसे जातील, वेळप्रसंगी प्रबंधही अडचणीत येईल.

आधी काय झालं ते

२७ जून २०१७. नॉटपेट्या नावाचा घातक प्रोग्रॅम युक्रेनमधून सुटला. तो खंडणीखोर व्हायरसचं सोंग घेऊन आला होता, पण पैसे भरूनही फाइली परत मिळणार नव्हत्या. त्याचं काम पुसून टाकणं एवढंच होतं. मर्स्कच्या ७६ टर्मिनल्सपैकी १७ ठिकाणी काम अडकलं. त्यातलं एक म्हणजे जवाहरलाल नेहरू बंदरातलं, न्हावा-शेव्याचं गेटवे टर्मिनल्स इंडिया. हे टर्मिनल मर्स्क समूहाची एपीएम टर्मिनल्स आणि आपली सरकारी कंपनी कॉनकॉर यांचं संयुक्त. २००६ पासून चालू. तिथे काम हाताने करायची पाळी आली.

आता कुणी विचारेल, क्रेन तर यंत्र आहे, ती का थांबावी? तर बघा, कंटेनर यार्डात डबे एकावर एक रचलेले असतात. कोणता डबा कुणाचा, कुठल्या रांगेत, कितव्या थरावर, कोणत्या जहाजात चढायचा, हे सगळं एका सॉफ्टवेअरला माहीत असतं. जहाजात काय काय आहे याची यादीही जहाजाकडून फाइलच्या रूपाने त्याच सॉफ्टवेअरकडे येते. ग्रीनबर्ग सांगतात की जहाजांवरचे संगणक ठीक होते. ती फाइल वाचणारं टर्मिनलचं सॉफ्टवेअर पुसलं गेलं होतं. म्हणजे डबे जागेवर, क्रेन जागेवर, ट्रेलर गेटवर, आणि कुठला डबा कुणाचा हेच सांगता येत नाही. हार्डवेअर शाबूत आणि माहिती गेलेली. संशोधकाने हे चित्र डोक्यात पक्कं ठेवावं, कारण तुमच्या लॅपटॉपचंही असंच होतं.

पुस्तक काय करतं आणि काय सोडतं

मासिकातल्या लेखात आपल्या वाट्याला किती जागा आली? एक शब्द. ट्रकच्या रांगा लागलेल्या बंदरांची यादी देताना लॉस एंजेलिस, अल्हेसिरास, रॉटरडॅम यांच्यापुढे ‘मुंबई’ असं नाव येतं. न्हावा-शेवा मुंबईत नाही, खाडीपलीकडे रायगड जिल्ह्यात आहे, हे उरणकराला लगेच टोचेल. पण माझी तक्रार भूगोलाची नाही. अमेरिकेतल्या एलिझाबेथ बंदराच्या गेटवर काय झालं ते सविस्तर येतं. इथे हाताने काम कसं चाललं, कोणत्या नोंदी कागदावर केल्या, काय चुकलं, काय निभावलं, यावर काही नाही. एखादी व्यवस्था कोसळल्यावर माणसं ती कशी उभी ठेवतात हा संशोधनाचा फार मोठा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर गेटवरच्या कारकुनाकडे, ट्रेलरचालकाकडे असतं. ज्यांना विषय हवाय त्यांनी हे टिपून ठेवा. घरापासून सहा आसनी रिक्षाच्या अंतरावर विषय पडलेला आहे!

दुसरी गोष्ट स्रोतांची. मर्स्कमधली बरीचशी माहिती नाव न सांगण्याच्या अटीवर मिळालेली आहे. पत्रकारितेत हे चालतं, कित्येकदा दुसरा मार्गही नसतो. पण आपण ते प्रबंधात उद्धृत करताना ‘एका वृत्तांतानुसार’ एवढंच वजन द्यायचं.

तिसरी आणि महत्त्वाची गोष्ट कारणाची. मर्स्कचे काही सर्व्हर हल्ल्यापर्यंत विंडोज २००० वर चालत होते, असं ग्रीनबर्ग लिहितात. मायक्रोसॉफ्टने त्या सिस्टिमचा आधार २०१० मध्येच काढून घेतला होता. वाचक हे वाचतो आणि मनात म्हणतो, “झालं, सापडलं कारण!” पण ते सर्व्हर काय काम करत होते, संसर्ग त्यांच्यातून पसरला का, हे त्यातून कळत नाही. एक गोष्ट दुसरीच्या शेजारी आहे म्हणून ती कारण ठरत नाही, हे आपण पद्धतीशास्त्राच्या पहिल्या आठवड्यात शिकतो आणि दुसऱ्या आठवड्यात विसरतो.

पुरावा काय म्हणतो

नॉटपेट्याकडे दोन हत्यारं होती. एक ‘इटर्नलब्लू’, म्हणजे विंडोजमधल्या एका भोकातून शिरण्याची युक्ती. ते भोक बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजीच दिलं होतं, हल्ल्याच्या साडेतीन महिने आधी. मे महिन्यात वॉनाक्राय याच भोकातून पसरला, म्हणजे धोक्याची घंटाही वाजून गेली होती. इथपर्यंत ‘अपडेट करा’ हा सल्ला शंभर टक्के बरोबर.

दुसरं हत्यार ‘मिमिकॅट्झ’च्या धर्तीचं. ते संगणकाच्या मेमरीत पडलेले पासवर्ड उचलतं. आता जोडून बघा. अपडेट न केलेल्या एका मशिनमध्ये शिरायचं, तिथे कुणा अॅडमिनचा पासवर्ड मिळवायचा आणि त्याच पासवर्डने शेजारच्या, पूर्ण अपडेट केलेल्या मशिनमध्ये राजरोस जायचं. म्हणजे तुमचं मशिन अद्ययावत असूनही तुम्ही बुडता, कारण शेजारच्याचं नाही आणि दोघांमध्ये भिंत नाही.

आणि सगळ्यात मोठी गंमत पुढे आहे. हा प्रोग्रॅम सुटला कसा? ‘एम.ई.डॉक’ या युक्रेनमधल्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून! हल्लेखोरांनी त्या कंपनीचा अपडेट सर्व्हर ताब्यात घेतला होता. ग्रीनबर्ग यांच्या वृत्तांतानुसार मर्स्कच्या ओडेसा कार्यालयात एका संगणकावर ते सॉफ्टवेअर होतं, आणि वाट मिळायला तेवढा एक संगणक पुरला. अपडेट न करणारे बुडाले हे खरं, पण दार उघडलं गेलं ते अपडेटनेच.

मग मूळ कारण काय? ते पुस्तकातच आहे, फक्त व्याख्यानांत कुणी सांगत नाही. २०१६ मध्येच मर्स्कच्या आयटी अधिकाऱ्यांच्या एका गटाने तीन दोष दाखवले होते: अपडेटमधली ढिलाई, जुन्या सिस्टिम्स आणि सगळ्यात वर म्हणजे जाळ्याचे वेगळे कप्पे नसणं. सुधारणेला मंजुरी मिळाली, पैसेही ठेवले. पण ते काम वरिष्ठांच्या कामगिरीच्या मोजमापात धरलं गेलं नाही, म्हणजे त्यावर बोनस नव्हता. त्यामुळे काम रेंगाळलं. माझ्या मते पुस्तकातला सगळ्यात मोलाचा भाग हाच. पण घानाची थरारक गोष्ट आली की वाचक तो विसरतो.

घानाची गोष्ट पुन्हा वाचा

मर्स्ककडे कुणाला कुठे प्रवेश आहे हे सांभाळणारे सुमारे १५० सर्व्हर होते. सगळे एकमेकांशी सतत जुळवून घेत, म्हणून प्रत्येक जण दुसऱ्याची प्रत. एक बुडाला तर बाकीचे आहेत. सगळे एकदम बुडतील हा विचारच नव्हता, आणि सगळे एकदम बुडाले. वाचला तो घानातला एक, कारण त्या वेळी तिथली वीज गेली होती! तिथून इंटरनेटने डेटा पाठवायला कित्येक दिवस लागले असते. तिथल्या कर्मचाऱ्यांकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता, म्हणून एक जण डिस्क घेऊन नायजेरियाला गेला, तिथे दुसऱ्याने ती घेतली आणि लंडनला नेली. त्यावर पुढची सगळी उभारणी झाली. कंपनीच्या अध्यक्षांनी जानेवारी २०१८ मध्ये दाव्होसला सांगितलेला आकडा: ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक दहा दिवसांत नव्याने उभे. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर.

आता तुमच्याकडे वळा. प्रबंधाचं फोल्डर तुम्ही ड्राइव्हशी जोडून ठेवलंय आणि त्याला बॅकअप म्हणता. तो बॅकअप नव्हे, ते सिंक आहे. इथे पुसलं की तिथे पुसतं, इथे बिघडलं की बिघडलेलंच तिथे जातं. काही दिवस जुनी प्रत मिळते ही सोय आहे, पण तिच्या भरवशावर पाच वर्षांचं काम ठेवू नका. बॅकअप म्हणजे घानाचा सर्व्हर, वायर काढलेला. एक बाहेरची डिस्क, आठवड्यातून एकदा जोडायची, कॉपी करायची, काढून कपाटात ठेवायची.

आणि आता उलटी बाजू

‘कायम अपडेट’ हा सल्ला संशोधकाला आणखी एका कारणाने अपुरा आहे. २०१२ मध्ये ‘प्लॉस वन’मध्ये एक अभ्यास आला. मेंदूची चित्रं मोजणारं फ्रीसर्फर हे सॉफ्टवेअर. चित्रं तीच, पण सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलली, संगणक बदलला, मॅकची ऑपरेटिंग सिस्टिम बदलली की मोजमाप बदलत होतं. लेखकांचा सल्ला स्पष्ट होता: अभ्यास चालू असताना अपग्रेड करू नका.

२०१९ मध्ये हवाई विद्यापीठातल्या संशोधकांना असंच काही सापडलं. रसायनशास्त्रातली एक पायथन स्क्रिप्ट २०१४ पासून वापरात होती. तीच स्क्रिप्ट, तोच डेटा, पण उबुंटूवर एक उत्तर आणि विंडोजवर दुसरं. कारण अगदी साधं. फोल्डरमधल्या फाइली कोणत्या क्रमाने मिळतील हे प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिम आपापलं ठरवते, आणि स्क्रिप्टने क्रम गृहीत धरला होता. फाइली आधी क्रमाने लावणारी एक ओळ टाकली असती तर प्रश्न मिटला असता.

म्हणजे सुरक्षा म्हणते बदला, पुनरावृत्ती म्हणते बदलू नका. दोघंही बरोबर आहेत. तोड कशात? मर्स्कने जे केलं नाही त्यात, म्हणजे कप्प्यांत.

तर मग निवडताना काय बघायचं

एक. जे इंटरनेटला जोडलेलं आहे ते अद्ययावत ठेवा, यात सूट नाही. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा नंतरचा प्रोसेसर लागतो. तुमच्या मशिनमध्ये ते नसेल तर आडवाटेने टाकत बसू नका. उबुंटूची दीर्घ आधाराची आवृत्ती टाका, पाच वर्षं अपडेट मिळतात. मात्र तुमच्या विषयाचं सॉफ्टवेअर लिनक्सवर चालतं का, हे आधी गाइडना आणि प्रयोगशाळेतल्या सीनियरना विचारा.

दोन. विश्लेषण गोठवा. प्रकल्पाला वेगळं पायथन एन्व्हायर्नमेंट किंवा कंटेनर करा (हा सॉफ्टवेअरचा कंटेनर, न्हावा-शेव्याचा नव्हे, पण कल्पना तीच: आत जे भरलंय ते कुठल्याही बंदरावर तसंच उतरलं पाहिजे). वापरलेल्या प्रत्येक गोष्टीची आवृत्ती पहिल्या दिवसापासून लिहून ठेवा. परीक्षक विचारतील तेव्हा आठवत बसायला नको.

तीन. एखाद्या उपकरणाचं सॉफ्टवेअर फक्त जुन्या विंडोजवर चालतं? प्रयोगशाळांत हे सर्रास आहे. वायफाय बंद, केबल काढलेली, आणि पेनड्राइव्ह फक्त एक, तोही दुसरीकडे तपासून. जुनं मशिन ठेवणं गुन्हा नाही, पण ते जाळ्यात मोकळं सोडायचं नाही.

चार. पैसे खर्च करण्याआधी मोजा. काम चालू असताना टास्क मॅनेजर उघडा. मेमरी भरून डिस्क खडखडतेय तर रॅम वाढवा. मशिनमध्ये अजून फिरणारी हार्ड डिस्क असेल तर एसएसडीइतका फरक दुसऱ्या कशानेच पडणार नाही. प्रोसेसर तासन्‌तास शंभर टक्क्यांवर असेल तरच नव्या लॅपटॉपचा विचार करा, आणि तेव्हाही विद्यापीठाचा सर्व्हर मिळतो का ते आधी बघा. काही लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच डकवलेली असते, पुढे वाढवता येत नाही. घेताना दुकानदाराला हे स्पष्ट विचारा.

पाच. रोजच्या कामाला अॅडमिन खातं वापरू नका. साधं खातं करा. मिमिकॅट्झची गोष्ट आठवली की कारण कळेल.

‘सँडवर्म’ जरूर वाचा, पण हातात पेन्सिल घेऊन. वाचताना समासात दोनच प्रश्न लिहा: हे कारण आहे की नुसतं शेजारी उभं आहे? आणि ‘मुंबई’ या एका शब्दाखाली कोण कोण झाकलं गेलंय? तुमच्या विषयातल्या कुठल्याही लेखाला हेच दोन प्रश्न विचारता येतात. बाकी लॅपटॉप कोणताही घ्या, पण या रविवारी एक डिस्क भरून कपाटात ठेवा.