डाग, लाली आणि वय : एका पत्रकाची चिकित्सा

पळस्पे येथील एका शिक्षिकेने आमच्या हाती एक घडी घातलेले पत्रक दिले. पळस्पे फाट्याजवळ, जिथे गोव्याचा महामार्ग पुण्याच्या जुन्या रस्त्यापासून वेगळा होतो, तिथे ते वाटले जात होते. दहावीतल्या एका मुलीने ते विज्ञानाच्या वहीत जपून ठेवले होते आणि तास संपल्यावर हळूच विचारले होते, "बाई, हे खरं असतं का?"

पत्रक कोणाचे, हे महत्त्वाचे नाही. अशी पत्रके पनवेलपासून नागपूरपर्यंत सर्वत्र सापडतील. आपण एखादे पुस्तक वाचतो तितक्या गंभीरपणे हे पत्रक वाचावे, असे आम्हांला वाटले.

पत्रकाचे म्हणणे एवढेच : चेहऱ्यावरील डाग, लालसरपणा आणि वाढत्या वयाच्या खुणा सहा बैठकांत जातील, शिवाय रोज लावायला एक क्रीम मिळेल. क्रीममध्ये काय आहे, हे लिहिलेले नाही. उपचार कोण करणार आणि त्याची पात्रता काय, हेही नाही.

पहिला दोष असा, की तीन वेगळ्या गोष्टी एकाच माळेत ओवल्या आहेत. त्वचेचा रंग मेलॅनिन या रंगद्रव्यामुळे येतो. ते तयार करणाऱ्या पेशींची संख्या गोऱ्या आणि काळ्या माणसांत जवळजवळ सारखीच असते. फरक असतो तो रंगद्रव्याच्या प्रमाणात, प्रकारात आणि त्याच्या कणांच्या आकारात व मांडणीत. ऊन, गरोदरपण किंवा संप्रेरकांतील बदल यांमुळे या पेशी काही ठिकाणी जास्त काम करू लागल्या की वांग येतो. लालसरपणाचा संबंध रंगद्रव्याशी नसून त्वचेखालच्या बारीक रक्तवाहिन्यांशी आणि दाहाशी आहे. वयाच्या खुणा मुख्यतः कोलॅजन या प्रथिनाचे धागे झिजल्याने उमटतात, आणि त्या झिजेत उन्हातील अतिनील किरणांचा वाटा मोठा असतो. तीन कारणे, तीन जागा. मग सर्वांना सहाच बैठका कशा पुरतील?

उपचार खोटे आहेत, असे आमचे म्हणणे नाही. १९८३ साली अँडरसन आणि पॅरिश या शास्त्रज्ञांनी लेसर उपचारांमागचे तत्त्व मांडले : रंगद्रव्य शोषून घेईल अशा तरंगलांबीचा प्रकाश अत्यंत कमी वेळ टाकला, तर उष्णता आजूबाजूला पसरण्याआधीच नेमके लक्ष्य तापते. तत्त्व सुंदर आहे. पण आपल्या सावळ्या त्वचेच्या वरच्या थरातही मेलॅनिन भरपूर असते आणि तेही हा प्रकाश शोषते. यंत्र चुकीचे लावले तर त्वचा भाजते आणि डाग जाण्याऐवजी नवा काळा डाग पडतो. वांग तर लेसरनंतरही पुष्कळदा परत येतो. पत्रकात याचा उल्लेख नाही.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. १९७५ साली क्लिगमन आणि विलिस यांनी डागांवर एक मिश्रण सुचवले. त्यात हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एक स्टेरॉइड होते. त्वचारोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली, ठरावीक काळापुरते ते उपयोगी पडते. आपल्याकडे मात्र याच धर्तीची क्रीमे वर्षानुवर्षे 'गोरे होण्याचे मलम' म्हणून विकली गेली. स्टेरॉइडने प्रथम चेहरा उजळतो. मग त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात, मलम थांबवताच चेहरा लाल होऊन आग होते. हायड्रोक्विनोन फार काळ लावले तर निळसर-काळी छटा कायमची बसू शकते. २०१८ साली केंद्र सरकारने त्वचेवर लावण्याच्या १४ स्टेरॉइडांची डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विक्री रोखणारा बदल नियमांत केला, तो यामुळेच.

आता पत्रकातील तीन शब्द पुन्हा वाचा : डाग, लालसरपणा, वय. पहिल्यावरचे चुकीचे औषध दुसरा आणि तिसरा त्रास निर्माण करू शकते. गिऱ्हाईक एकदा आले की परत परत येत राहील, अशी ही माळ आहे. पत्रक लिहिणाऱ्याला हे ठाऊक असेलच असे नाही. पण ज्या क्रीमवर घटकांची नावे नाहीत, ते अशा माळेतले नाही हे तपासायचे तरी कसे?

नाव नसण्याची किंमत किती असू शकते, हे अकोल्यात दिसले. तेथील एक विद्यार्थिनी, तिची आई आणि बहीण एकच क्रीम वापरत होत्या. तिघींना मूत्रपिंडाचा आजार झाला. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात क्रीमची तपासणी झाली तेव्हा त्यात पारा आढळला. २०२३ च्या आरंभी ही बातमी वर्तमानपत्रांत आली. पारा मेलॅनिन बनवणाऱ्या विकराला अडवतो, म्हणून चेहरा खरोखरच उजळतो. पण तो त्वचेतून रक्तात आणि रक्तातून मूत्रपिंडात जातो. चेहऱ्याच्या क्रीममध्ये अनवधानाने आलेला पारासुद्धा दशलक्षात एका भागापेक्षा जास्त असता कामा नये, असा आपल्या देशाचा नियम आहे.

मग बाईंनी त्या मुलीला काय सांगावे? "रूपाकडे लक्ष देऊ नकोस" हे उत्तर पुरेसे नाही. वर्गात रंगावरून चिडवले जाते आणि ते दुःख खरे असते. चिडवणाऱ्यांशी बोलणे हेही शिक्षकाचेच काम आहे. त्या मुलीसोबत पत्रकाच्या कोऱ्या बाजूवर चार प्रश्न लिहावेत : या त्रासाचे नाव काय? औषधातील घटक कोणते? देणाऱ्याचे शिक्षण काय? थांबवल्यावर काय होईल? ज्याच्याकडे या चारही प्रश्नांची उत्तरे असतील त्याच्याकडे अवश्य जावे. सरकारी रुग्णालयातील त्वचारोग विभाग हा त्यासाठी चांगला आणि स्वस्त मार्ग आहे. तोवर टोपी, छत्री किंवा ओढणीने ऊन टाळावे. डाग आणि वयाच्या खुणा या दोहोंवर हा उपाय लागू पडतो, लालसरपणातही त्याने बहुधा मदतच होते, आणि त्याला बैठका लागत नाहीत.

मुलीने विचारलेला प्रश्न उत्तम विज्ञानप्रश्न होता. असे प्रश्न तास संपल्यावर हळूच नव्हे, तर तास चालू असताना मोठ्याने विचारले जावेत, अशी आमची इच्छा आहे.