केसांना भूक लागते का?

केसांच्या तेलाच्या आणि शांपूच्या जाहिरातींत एक चित्र वारंवार दिसते. त्वचेत रोवलेला एक रोडावलेला केस असतो. त्याच्या मुळाशी सोनेरी थेंब झिरपतो, केसातून वर चढत जातो आणि केस बघता बघता जाड व चकचकीत होतो. खाली शब्द असतात, ‘मुळांपासून पोषण’. हे चित्र आपल्याला चटकन पटते, कारण ते ओळखीचे आहे. कुंडीतल्या रोपाला पाणी घातले की ते टवटवीत होते, तसेच हे. पण केस म्हणजे रोप नव्हे. केसांविषयीच्या बऱ्याच गैरसमजांचे मूळ या एकाच उपमेत आहे. ती वर्गात तपासून पाहणे सोपे आहे आणि उपयोगाचेही.

जिवंत काय, मृत काय?

रोप शेंड्याकडे वाढते, तर केस बुडाकडून. त्वचेखाली काही मिलिमीटर खोल असलेल्या रोमकूपात पेशींचे विभाजन होते. नव्या पेशींत केराटिन हे प्रथिन भरत जाते आणि वर सरकता सरकता त्या पेशी मरतात. त्वचेबाहेर आपल्याला दिसतो तो मृत पेशींचा एक घट्ट धागा. त्यात रक्तवाहिनी नाही, चेतातंतू नाही. म्हणूनच केस कापताना दुखत नाही. जे मृत आहे त्याचे पोषण होऊ शकत नाही. ते फक्त झिजू शकते, किंवा झिजण्यापासून जपता येते.

हा धागा मोठा चिवट असतो. त्याच्या गाभ्यात केराटिनचे लांब तंतू असतात. बाहेरून, घरावरच्या कौलांसारखे एकावर एक बसलेले पातळ खवले त्यांचे रक्षण करतात. हे खवले उचकटले किंवा झडले की गाभा उघडा पडतो, केसांना फाटे फुटतात आणि ते तुटतात. एकदा फुटलेला फाटा पुन्हा सांधला जात नाही. ‘दुरुस्ती’ करणारी प्रसाधने त्यावर एक लेप चढवतात. पुढच्या एकदोन धुण्यांत तो निघून जातो.

आता थोडे गणित करू. डोक्यावरचा केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतो. सातवीतल्या मुलीचे केस ६० सेंटिमीटर लांब असतील, तर त्यांची टोके सुमारे ५ वर्षांची आहेत. ती दुसरीत होती तेव्हा हा भाग त्वचेबाहेर आला. तेव्हापासूनचे प्रत्येक न्हाणे, ऊन आणि कंगव्याचा प्रत्येक फेरा त्याने सोसला आहे. केस टोकाकडे का तुटतात, याचे उत्तर या हिशेबातच आहे.

गळणे आणि तुटणे

जाहिरातींची दुसरी खुबी शब्दांची आहे. ‘केसगळती कमी’ असे मोठ्या अक्षरांत लिहायचे आणि ‘तुटल्यामुळे होणारी’ हे बारीक अक्षरांत. या दोन गोष्टी अगदी वेगळ्या आहेत. गळलेला केस मुळापासून सुटतो. त्याच्या एका टोकाला पांढुरकी बारीक गाठ दिसते. तुटलेल्या केसाला ती नसते. कंगव्यात अडकलेले केस गोळा करून साध्या भिंगातून पाहिले तरी त्यांची वर्गवारी करता येते. रोज ५० ते १०० केस गळणे स्वाभाविक आहे. डोक्यावर सुमारे १ लाख केस असतात आणि प्रत्येक केस काही वर्षे वाढून, विश्रांती घेऊन गळतो.

मोठा ताप, बाळंतपण किंवा शस्त्रक्रिया झाली की एरवीपेक्षा बरेच जास्त केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि दोनतीन महिन्यांनी गळू लागतात. २०२० आणि २०२१ मध्ये कोविडमधून उठलेल्या अनेकांनी हा अनुभव घेतला. बहुतेकांची ही गळती काही महिन्यांत आपोआप थांबते. दरम्यान घरात एखादे महागडे तेल आलेले असते आणि श्रेय त्याला मिळते. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ! तेल न लावणाऱ्यांचीही गळती तेवढ्याच काळात थांबली का, हा प्रश्न कोणी विचारत नाही. विज्ञान शिकवताना नेमका तोच प्रश्न विचारायला शिकवायचे असते.

मग तेल लावणे व्यर्थ का?

नाही. येथे टीकाकारानेही घाई करू नये. २००३ मध्ये मुंबईतील मॅरिको या कंपनीच्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफुलाचे तेल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. धुण्या-विंचरण्यात केसांतून किती प्रथिन निघून जाते, हे त्यांनी मोजले. खोबरेलाने ही हानी बरीच कमी झाली; इतर दोन तेलांनी तसे झाले नाही. खोबरेलातल्या मेदाम्लांपैकी सुमारे निम्मे लॉरिक आम्ल असते. त्याच्या सरळ, आखूड साखळ्यांमुळे हे तेल केसाच्या आत शिरू शकते आणि पाण्याने केस फुगणे कमी होते. ही कंपनी स्वतःच खोबरेल विकते, हे वाचकाने लक्षात ठेवावे. पण पद्धत छापलेली असल्याने दुसऱ्याला ती पडताळता येते. जाहिरातीतला सोनेरी थेंब पडताळता येत नाही. शिवाय या प्रयोगाचा निष्कर्ष मर्यादित आहे. नुकसान कमी झाले. केसांत काही भर पडली किंवा ते वेगाने वाढले, असा तो निष्कर्ष नाही. आजीचा तेल लावण्याचा रिवाज बरोबर होता, ‘पोषण’ हे कारण मात्र चुकीचे.

केस तुटू नयेत म्हणून करायच्या गोष्टी साध्या आहेत आणि जवळजवळ फुकट आहेत. ओला केस जास्त ताणला जातो आणि लवकर तुटतो; म्हणून तो थोडा सुकू द्यावा आणि मोठ्या दातांच्या कंगव्याने टोकाकडून गुंता सोडवत वर जावे. पंचाने खसाखसा पुसू नये, टिपून घ्यावे. अंगाच्या अल्कधर्मी साबणाने खवले उचकटतात आणि क्षारयुक्त पाण्यात त्याचा चिकट साका केसांवर बसतो; सौम्य शांपू किंवा शिकेकाई बरी. तापलेल्या इस्त्रीने केस सरळ करणे, रंग उडवणे यांनी गाभ्यालाच इजा होते. आणि शाळांनी स्वतःचा नियमही तपासावा. रोज करकचून घातलेल्या दोन वेण्यांनी केस तुटतात. वर्षानुवर्षे ताण बसल्यास कपाळाजवळचे रोमकूपही कायमचे निकामी होऊ शकतात. नीटनेटकेपणासाठी सैल वेणी पुरते.

पोषण कुठून?

जिवंत असतो तो रोमकूप. त्याला अन्न मिळते ते रक्तातून, म्हणजे ताटातून. डोक्याला चोपडलेले अंडे धुऊन जाते. खाल्लेल्या अंड्यातील प्रथिनांची अमिनो आम्ले होतात आणि त्यांतून शरीर केराटिन बनवू शकते. डाळ, उसळ, शेंगदाणे यांतूनही ती मिळतात. लोहाच्या कमतरतेत केस विरळ होताना अनेकदा दिसतात, पण ती तक्रार त्यामानाने किरकोळ. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातील १५ ते १९ वयोगटातील ५९ टक्के मुली रक्तक्षयी होत्या. अशी मुलगी केस गळतात म्हणून सांगते, तेव्हा घरचे बाटली आणतात. ती थकते का, तिला धाप लागते का, तिचे हिमोग्लोबिन किती आहे, हे विचारायचे राहून जाते. ‘पोषण’ हा शब्द ताटातून उचलून बाटलीवर चिकटवल्याची खरी किंमत ही आहे.

तेव्हा वर्गात केसांच्या चार जाहिराती आणाव्यात आणि मुलांना तीन प्रश्न द्यावेत. दावा गळण्याचा आहे की तुटण्याचा? तुलना कशाशी केली आहे? आणि जे पोसायचे म्हणतात, ते जिवंत आहे का?