लांबट शहराचा दोष

१९६५ सालीं ‘मार्ग’ या इंग्रजी नियतकालिकांत चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल यांनीं खाडीपलीकडे नवी मुंबई वसविण्याची योजना मांडली, तेव्हां मुंबईची दक्षिणोत्तर लांबण हाच रोग ठरविला. निदान मार्मिक खरें. परंतु आमच्या मतें दोष रेषेचा नव्हे, नोकऱ्या तिच्या दक्षिण टोकाशीं सांचल्या याचा होय. रशियन मिल्यूतिन यानें १९३० मध्यें रेषानगर रेखाटलें, त्यांत कारखान्यांचा पट्टा, मग झाडी, मग घरें. कामगारानें कामावर पायीं जावें. मुलुंड-भांडुपला रुळालगत असेंच कांहीं, झाडी वगळून, आपोआप घडलें होतें! पुढें बरेच कारखाने मिटले, मनोरे आणि मॉल आले. माणसें वाढलीं, जवळचें काम उठलें. १९९६ सालीं गिरण्यांच्या जमिनींचा विचार करणाऱ्या समितीचे अध्यक्ष कोरियाच होते. परंतु मुलुंडचे कारखाने तिच्या कक्षेंत नव्हते.