चमत्काराचा हिशेब : एका फॉरवर्डची समीक्षा

 

आयोजकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही म्हणालो, एका साहित्यकृतीवर बोलू. त्यांना वाटलं, एखादी कादंबरी असेल. पण आमच्या मनातल्या कृतीचा लेखक अज्ञात आहे, आवृत्त्या किती निघाल्या याची नोंद नाही, आणि ती ज्यांनी वाचली त्यांतल्या अनेकांनी दुसरं पुस्तक कित्येक वर्षांत उघडलेलं नाही. गरम नारळपाण्याने कॅन्सर बरा होतो, हा व्हॉट्सअ‍ॅपवरचा मेसेज. हसू नका. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या फोनवर तो येऊन गेलाय, आणि काहींनी पुढेही ढकललाय.

आधी कृतीचा परिचय. टाटा मेमोरियल रुग्णालयाचे डॉ. राजेंद्र बडवे यांचं नाव सुरुवातीलाच येतं. मग आवाहन, की प्रत्येकाने हा निरोप दहा जणांना पाठवला तर एक तरी जीव वाचेल. मग कृती, म्हणजे पाककृती या अर्थाने : नारळाच्या दोन-तीन पातळ कापा कपात घ्यायच्या, वर गरम पाणी ओतायचं, पाणी ‘अल्कलाइन’ होतं, रोज प्यायचं. त्याने सगळ्या प्रकारचे कॅन्सर मरतात, चांगल्या पेशींना धक्का लागत नाही, शिवाय रक्तदाबही उतरतो.

आपल्या पुण्यात भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढली. १९१९ ला काम सुरू झालं, १९६६ ला पुरं झालं. हस्तलिखितं शेजारी शेजारी ठेवायची आणि कुठे काय बदललं ते पाहायचं, ही पद्धत. ती या मेसेजला लावून पाहिली तर मौज दिसते. एका पाठात नारळ आहे, दुसऱ्यात लिंबू, तिसऱ्यात अननस. लिंबाच्या पाठात बडव्यांच्या जागी बीजिंगचे कोणी प्राध्यापक आहेत. फळ बदललं, डॉक्टर बदलला, देश बदलला. परिणाम मात्र सगळीकडे तोच, शंभर टक्के. म्हणजे या संहितेत फळाला काही महत्त्वच नाही. नारळ काढून तिथे दोडका ठेवला तरी वाक्य तसंच उभं राहील. ज्या विधानातला कर्ता बदलला तरी विधानाला काही होत नाही, ते विधान त्या कर्त्याविषयी काहीच सांगत नसतं. (आमच्या रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ च्या मध्ये शरीर स्वतःच राखतं, कपभर पाण्याने तो हलत नाही, ही गोष्ट वेगळी.)

मग उरतं काय? नाव. न्यायदर्शनात शब्द हे प्रमाण मानलं आहे, पण कोणाचा शब्द? आप्ताचा. ज्याने वस्तू स्वतः जाणली आहे आणि जसं जाणलं तसंच सांगायची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. आपल्याकडे आप्त म्हणजे नातेवाईक असा अर्थ होऊन बसला, आणि या मेसेजचं सगळं यश त्या गोंधळावर उभं आहे. पाठवणारा मावसभाऊ हा आप्त खरा, पण नात्याने. प्रमाणाने नव्हे.

त्यात आपल्या या पट्ट्यात ‘टाटा’ या शब्दाला आणखी वजन. पिंपरी-चिंचवडमध्ये टाटा म्हणजे टेल्को. कोणाचे वडील तिथून निवृत्त झाले, कोणाचं घर तिथल्या पगारावर उभं राहिलं. टाटा मेमोरियल हे १९४१ साली टाटांच्या न्यासाने उभारलेलं, पण १९६२ पासून अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत असलेलं रुग्णालय. त्याचा आणि इथल्या मोटार कारखान्याचा कारभार एक नाही. पण ‘टाटाचे डॉक्टर म्हणतात’ हे ऐकलं की इथल्या माणसाचा हात आपोआप फॉरवर्डकडे जातो. त्या रुग्णालयाने २०१९ मध्येच जाहीर खुलासा केला होता, की डॉ. बडवे असं काही म्हणालेले नाहीत.

आता कबुली. तो मेसेज आम्हीही पाठवला आहे. खुलाशाला पाच वर्षं झाल्यावर, २०२४ च्या उन्हाळ्यात, दुपारी जेवून आडवे झालो असताना. तत्त्वज्ञानातली पीएच.डी., पस्तीस वर्षं पोरांना तर्कशास्त्र शिकवलेलं. ‘खरं असेल तर कोणाला तरी उपयोग होईल, नसेल तर नारळाने कोणाचं काय बिघडतंय’ एवढाच विचार केला आणि जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर टाकला.

त्या ग्रुपवर आमचा एक विद्यार्थी आहे. आई-मुलगा मूळचे खानदेशातले. तो चाकणला सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत ठेक्यावर. त्याच्या आईच्या स्तनात त्याच सुमारास गाठ लागली होती. दुखत नव्हती. दवाखान्यात जायचं म्हणजे त्याचा खाडा, आणि ठेकेदार बदलला की विम्याच्या कार्डाचं काय होतं ते त्यालाच नीट माहीत नव्हतं. एका ठिकाणी दाखवलं तर तिथल्या डॉक्टरांनी मान वर न करता तपासण्यांची चिठ्ठी हातात दिली, पुढचा पेशंट बोलावला. आणि सरांचा मेसेज तर फोनवर होताच. सात महिने माऊलीने नारळाचं पाणी घेतलं. नोव्हेंबरात त्यात हळद आणि कडुनिंबही आला. तो कुठून आला, ते सांगतो.

नोव्हेंबर २०२४ मध्ये माजी क्रिकेटपटू नवज्योतसिंग सिद्धू यांनी पत्रकार परिषद घेऊन पत्नीच्या चौथ्या टप्प्यातल्या कॅन्सरची हकिकत सांगितली. लिंबूपाणी, कच्ची हळद, कडुनिंब, तुळस, साखर बंद, दूध बंद, उपवास. चित्रफीत देशभर फिरली. दोन दिवसांत टाटा मेमोरियलच्या २६२ आजी-माजी कर्करोगतज्ज्ञांनी सह्या करून निवेदन काढलं, की यातल्या काही पदार्थांवर संशोधन चालू आहे, पण ते कॅन्सरवर औषध म्हणून सुचवावेत असा पुरावा आज नाही, उपचार लांबवू नका. त्या बाईंची शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी झालेली होती. पुढे सिद्धूंनीही सांगितलं, की आहार डॉक्टरांच्या सल्ल्याने होता आणि उपचारांना पूरक होता. पण हे दुसरं वाक्य पहिल्याइतकं फिरलं नाही.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला, हा काकतालीय न्याय आपण सगळे जाणतो. पण इथे चूक त्याहून बारीक आहे. नैयायिक जिला ‘उपाधी’ म्हणतात ती ही. जिथे अग्नी तिथे धूर, असं म्हणता येत नाही. तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धूर येतो तो ओल्या सरपणामुळे. ते ओलं सरपण न सांगता अग्नीलाच धुराचं कारण केलं, की अनुमान बिघडलं. सिद्धूंच्या हकिकतीत हळद-लिंबू हा अग्नी, आणि शस्त्रक्रिया व केमो हे ओलं सरपण. फोनवर फिरताना सरपण गळून पडलं. आमच्या त्या विद्यार्थ्याच्या घरी पोचेपर्यंत नुसती हळद उरली होती. हीच उपाधी आम्ही त्याला दुसऱ्या वर्षाला शिकवली होती, परीक्षेत त्याने उदाहरणही बरोबर लिहिलं असेल.

आता त्याच्याच शब्दांत सांगतो, कारण आमच्यापेक्षा त्याने ते नेमकं सांगितलं. तो म्हणाला, “सर, आमच्याकडे व्हेंडरने नुसते ओके पीस आणून दाखवले तर लॉट घेत नाही. रिजेक्शन किती, ते आधी विचारतो. रिजेक्शन शून्य म्हणाला तर उलट संशय येतो, की याने तपासलंच नाही.” मंडळी, चाकण-तळवडे-भोसरीच्या कुठल्याही लाइनवर काम करणाऱ्या पोराला हे कळतं. दहा लाखांत किती नग खराब, याचा आकडा भिंतीवर लावलेला असतो. आणि तोच पोरगा शिफ्ट संपवून बसमध्ये बसतो, फोन उघडतो, आणि ज्याला रिजेक्शनचं रजिस्टरच नाही असं औषध मान्य करतो. का? कारण बरे झालेले व्हिडिओ करतात. न झालेले करत नाहीत, कारण ते नसतात. या साहित्यप्रकारात सगळे निवेदक हयात आहेत, आणि हाच त्यातला सगळ्यांत मोठा दोष आहे.

खऱ्या औषधाची गोष्ट वेगळ्या तऱ्हेने सांगितलेली असते. हे गाव वाढलं त्यात हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा वाटा आहे. १९५४ ला पिंपरीत सरकारने काढलेला पेनिसिलिनचा कारखाना, आपली एच. ए. कंपनी. पेनिसिलिनइतकं चमत्कारासारखं औषध विसाव्या शतकात दुसरं दाखवणं कठीण. पण त्याची पहिली हकिकत काय आहे? १९४१, ऑक्सफर्ड, एक पोलीस शिपाई. इंजेक्शनं सुरू झाली, माणूस सुधारला. औषध संपलं. लघवीतून गाळून परत दिलं, तेही संपलं. माणूस गेला. ज्यांनी औषध तयार करून दिलं त्यांनीच हे नोंदवून ठेवलं.

आणि ज्यांच्या नावावर नारळ खपवला, त्या डॉ. बडव्यांनी खरोखर काय केलं ते पाहा. शस्त्रक्रियेने गाठ काढण्याआधी सात ते दहा मिनिटं, गाठीच्या भोवती लिग्नोकेन टोचायचं. दात काढताना बधिर करायला वापरतात, ते साधं, स्वस्त औषध. देशातली ११ केंद्रं, सुमारे १६०० स्त्रिया, २०११ पासून दशकभर चाललेली चाचणी. निष्कर्ष २०२३ मध्ये छापून आले. पाच वर्षांनी हयात असलेल्या स्त्रियांचं प्रमाण एका गटात ८६.४ टक्के, इंजेक्शन दिलेल्या गटात ९०.१. शंभरात जेमतेम चार बायका जास्त. दहा वर्षं खपून माणूस ‘शंभरात चार’ म्हणतो, आणि त्याच्याच नावाने कोणी दहा मिनिटांत ‘शंभरात शंभर’ लिहितो. आम्ही पाठवला तो दुसरा मेसेज. पहिला आमच्यापर्यंत आलाच नाही. आला असता तर, खरं सांगायचं तर, फिका वाटला असता.

आता कोणी म्हणेल, नारळाने नुकसान काय? आम्हीही तेच म्हणालो होतो ना. नुकसान नारळ करत नाही, कॅलेंडर करतं. अमेरिकेत येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये, पसरण्याआधी सापडलेल्या कॅन्सरचे २८१ रुग्ण पाहिले, ज्यांनी नेहमीचे उपचार नाकारून केवळ पर्यायी उपाय घेतले. उपचार घेतलेल्या तशाच ५६० रुग्णांशी तुलना केली. मृत्यूचा धोका अडीच पट. स्तनाच्या कॅन्सरमध्ये साडेपाच पटीहून जास्त, म्हणजे जिथे उपचारांनी सर्वांत जास्त साधतं तिथेच सर्वांत जास्त गमावलं.

जुलै २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारी टोळी समजून पाच भटक्या माणसांना जमावाने ठार मारलं. अफवा फोनवरून फिरली होती. त्यानंतर लगेच, त्याच महिन्यात, भारतात एका वेळी पाचपेक्षा जास्त ठिकाणी फॉरवर्ड करायला व्हॉट्सअ‍ॅपने बंदी आणली. तिथे मृत्यू आणि अफवा यांच्यात फार अंतर नव्हतं, म्हणून पंचनामा झाला. इथे सात महिने असतात. पंचनामा होत नाही, मृत्यूच्या दाखल्यावर ‘कॅन्सर’ एवढंच लिहितात.

कायद्याचं म्हणाल तर १९५४ चा केंद्राचा कायदा कॅन्सर बरा करण्याच्या जाहिरातीला मनाई करतो. पण मावसभावाचा निरोप ही जाहिरात नव्हे. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप, विंचू, कुत्रा चावल्यावर उपचार रोखून मंत्र-गंडे करणं हा गुन्हा आहे. गाठीचं नाव त्या कलमात नाही. आम्हाला तुरुंगात टाकायला हवं होतं असं आम्ही म्हणत नाही, पण आमचा अपराध बसेल असं कलम शोधून सापडत नाही, हे मात्र खरं.

एक आक्षेप आम्हाला हमखास येतो : “सर, तुम्ही आपल्या वनस्पतींच्या विरोधात आहात.” अजिबात नाही. आपल्या दारातली सदाफुली घ्या. तिच्यापासून व्हिन्क्रिस्टिन मिळतं, लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये ते आजही देतात. सह्याद्रीतली नरक्या, जिची चोरटी तोड पकडल्याच्या बातम्या येतात, तिच्यात कॅम्प्टोथेसिन असतं. ते द्रव्य आणि पुढे टॅक्सॉल शोधणाऱ्या जोडीतले एक, मनसुख वाणी, मूळचे नंदुरबारचे. अमेरिकेतल्या एका झाडाच्या सालीतून टॅक्सॉल वेगळं करून त्यांनी १९७१ मध्ये त्याची रचना छापली. रुग्णाला द्यायची परवानगी मिळाली १९९२ मध्ये. एकवीस वर्षं. साल उकळून प्यायला कोणी सांगितलं नाही, कारण साल उकळून प्यायल्याने ते होत नाही. किती, कोणाला, किती दिवसांनी आणि कोणाला अजिबात नाही, हे ठरवायला ती वर्षं गेली.

त्या विद्यार्थ्याच्या आईची केमो सध्या चालू आहे, सरकारी योजनेत. आधी गाठ लहान करायची, मग शस्त्रक्रिया, असं ठरलंय. सात महिन्यांपूर्वी गेल्या असत्या तर क्रम वेगळा असता का, हे आम्ही तिथल्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “बहुतेक.” आम्ही ग्रुपवर चूक झाल्याचं लिहिलं, सविस्तर. दोन अंगठे आले, आणि लगेच खाली कोणीतरी सूर्योदयाचं चित्र टाकलं.

गेल्या आठवड्यात भेटायला गेलो होतो. बाई थकल्यात, डोक्याला रुमाल. मुलाने आमच्याविषयी त्यांना सांगितलंय की नाही, हे आम्ही विचारलं नाही. सलाइनच्या बाटलीकडे बघून त्या म्हणाल्या, “सर, यात काय असतं हो?” कागदावर पॅक्लिटॅक्सेल लिहिलं होतं, म्हणजे तेच टॅक्सॉल. आम्ही म्हटलं, ताई, हे ज्यांनी शोधलं त्यांतले एक नंदुरबारचे. त्या जरा उठून बसल्या. “आपल्या नंदुरबारचे? कोणाचे म्हणायचे?”