भावंडांची तुलना आणि आटपाडीचे पाणी

गरोदरपणी आईच्या पोटात दूषित पाणी गेले, तर बाळ कमी वजनाचे जन्मते काय? प्रश्न साधा वाटतो, पण उत्तर काढणे अवघड आहे. जिथे पाणी वाईट, तिथे बहुधा गरिबी असते, आहार अपुरा असतो आणि दवाखानाही दूर असतो. मग दोष पाण्याचा म्हणायचा की परिस्थितीचा?

जॅनेट करी आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांनी २०१३ साली ‘कॅनेडियन जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स’मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात यावर चांगली तोड काढली आहे. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याच्या १९९७ ते २००७ या काळातील जन्मनोंदी घेऊन त्यांनी सख्ख्या भावंडांची तुलना केली. एका भावंडाच्या वेळी नळाचे पाणी प्रमाणाबाहेर दूषित होते, दुसऱ्याच्या वेळी नव्हते. आई तीच असल्याने घरच्या परिस्थितीतील बराचसा फरक आपोआप वगळला गेला. सर्व बालके एकत्र धरली तेव्हा परिणाम किरकोळ दिसला. कमी शिकलेल्या मातांची बालके वेगळी काढताच मात्र जन्मवजन आणि गर्भकाळ या दोहोंवर मोठा परिणाम दिसून आला. सरासरी काय काय झाकून ठेवते, हे वर्गात सांगायला याहून चांगले उदाहरण आम्हाला सुचत नाही.

तरीही आमच्या दोन हरकती आहेत. पहिली, पाणी मर्यादेबाहेर गेल्याची नोंद म्हणजे आईच्या पोटात गेलेली मात्रा नव्हे. दुसरी, ‘कमी शिकलेली’ या शब्दाविषयी. तो वाचून दोष आईच्या अज्ञानाचा, असे कोणी समजेल. पण याच मातांनी दोन बाळंतपणांच्या दरम्यान घर सर्वांत कमी वेळा बदलले, असे हाच निबंध सांगतो. पाणी वाईट आहे हे कळले, तरी दुसरीकडे राहायला जाण्याची ऐपत हवी. येथे शिक्षण हे बऱ्याच अंशी ऐपतीचे माप आहे.

आता ही पद्धत सांगली जिल्ह्यातील आटपाडीला लावून पाहू. माणगंगेच्या खोऱ्यातील हा अवर्षणप्रवण तालुका. कधी विहीर, कधी बोअर, टंचाईत टँकर; एकाच गरोदरपणात पाणी दोनदा-तीनदा बदलू शकते. त्यातच पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी जाते. जन्मनोंदीत माहेरचे गाव लागते, पण सुरुवातीचे महिने ती सासरचे पाणी पीत असते. दुसरे मूल सासरी झाले, तर भावंडांची तुलना पाण्याची राहत नाही, गावांची होते. गलाईच्या धंद्यासाठी परप्रांतात गेलेल्या कुटुंबांची गोष्ट तर आणखी वेगळी.

सुरुवातीचे महिने महत्त्वाचे का? एलिझाबेथ ब्रेनर्ड आणि निधिया मेनन यांनी २०१४ साली भारतातील आकडेवारी तपासली. गर्भधारणेच्या महिन्यात पाण्यात शेतीच्या रसायनांचे प्रमाण जास्त असेल, तर अर्भकमृत्यू वाढतात आणि मुलांची वाढ खुंटते, असे त्यांना आढळले. येथेही सर्वाधिक झळ खेड्यातील गरीब, अशिक्षित स्त्रियांच्या मुलांनाच बसली.

म्हणूनच ‘पाणी उकळून प्या’ एवढ्यावर आपला धडा संपता कामा नये. उकळल्याने जंतू मरतात. खतातून पाण्यात उतरणारे नायट्रेट मात्र जात नाही. उलट पाणी आटेल तसे त्याचे प्रमाण वाढते. भारतीय मानकानुसार नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. आपल्या गावची विहीर कुठे बसते, हे चवीने वा रंगाने कळत नाही, तपासावेच लागते.

शिक्षकांनी एक करून पाहावे. गावातील प्रत्येक उद्भवाचे पाणी पावसाळ्याआधी आणि नंतर तपासून घ्यावे, कोणत्या महिन्यात गाव कोणते पाणी प्यायले हे विद्यार्थ्यांकडून लिहवून घ्यावे आणि ती वही आशाताईंना दाखवावी. न्यू जर्सीच्या संशोधकांना पाण्याच्या नोंदी आयत्या मिळाल्या. आपल्याला त्या आधी कराव्या लागतील.