सुवाह्य हायड्रोजन इंधनघट : पारगावच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रास्ताविक : हायड्रोजन व ऑक्सिजन यांच्या संयोगातून थेट वीज देणाऱ्या इंधनघटाची कल्पना विल्यम ग्रोव्ह यांनी १८३९ च्या सुमारास मांडली. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने केपीआयटी कंपनीच्या सहकार्याने २०२० मध्ये अशा घटावर मोटार चालवून दाखविली. घटाला धूर नाही, आवाज नाही. म्हणून उघड्यावरील विजेसाठी डिझेल जनित्राचा पर्याय म्हणून त्याचे सुवाह्य रूप पुढे केले जाते. हा दावा आंबेगाव तालुक्यातील पारगावच्या शिवारात कितपत टिकतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विवेचन : पारगाव हे भीमाशंकर सहकारी साखर कारखान्याचे गाव. येथे उघड्यावरील विजेची निकड दोघांना आहे : कोपीत राहणाऱ्या ऊसतोड कामगाराला आणि रात्रपाळीच्या विजेवर पिकाला पाणी देणाऱ्या शेतकऱ्याला. उसात बिबट्याचा वावर असल्याने दोघांच्याही दृष्टीने हा जिवाचा प्रश्न आहे.

एक किलो हायड्रोजनमध्ये सुमारे ३३ युनिट ऊर्जा असते. घटातून तिच्या साधारण निम्मी वीज हाती येते. नेहमीच्या मोठ्या पोलादी सिलिंडरचे वजन ५० किलोंच्या घरात, पण त्यात वायू मावतो जेमतेम अर्धा किलो. म्हणजे वीज सुमारे ८ युनिट. छोट्या जनित्राला तेवढ्यासाठी तीनेक लिटर डिझेल पुरते. कोपीतील १० वॅटच्या दिव्याला रात्रभरात युनिटाचा दहावा हिस्साही पुष्कळ होतो. तेथे साधा सौरदिवा पुरेसा आहे. उलट पाच अश्वशक्तीचा पंप हा सिलिंडर दोन तासांत रिता करील. घट सुवाह्य असला तरी त्याचे इंधन सुवाह्य नाही, हे प्रचारात सांगितले जात नाही.

शिवाय पाण्याच्या विघटनातून एक किलो हायड्रोजन मिळविण्यास ५० हून अधिक युनिट खर्ची पडतात आणि परत मिळतात सोळा-सतरा. तीच सौरवीज दिवसा थेट पंपाला देणे अधिक शहाणपणाचे. २०१७ च्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेमागील तत्त्व हेच आहे आणि त्यातून शेतकऱ्याची रात्रपाळीही टळते.

निष्कर्ष : तथापि हे तंत्र सर्वस्वी त्याज्य ठरत नाही. भीमाशंकरच्या घाटमाथ्यावर पावसाळ्यात दिवसेंदिवस ऊन नसते. तेथे अल्प पण अखंड वीज लागणाऱ्या उपकरणांसाठी घट उपयुक्त ठरू शकेल. आघारकर संशोधन संस्थेच्या सहभागातून शेतीतील अवशेषांपासून हायड्रोजन मिळविण्याचे जे तंत्र २०२१ मध्ये जाहीर झाले, ते गावपातळीवर परवडू लागल्यास उपरोक्त हिशेब नव्याने मांडावा लागेल. तोपर्यंत अशा साधनाचे मूल्यमापन करताना त्याचा सिलिंडर कोठे भरला जातो आणि शिवारापर्यंत कोण वाहून आणतो, हे प्रथम विचारले पाहिजे.