सामू आणि तीव्रता : एक परिभाषाविचार

सामूवरून आम्लाची तीव्रता काढण्याची रीत पाठ्यपुस्तकांत गणिताचा भाग म्हणून येते. प्रस्तुत लेखकाच्या मते तेथील खरी अडचण गणिताची नसून भाषेची आहे.

‘सामू कमी, म्हणून आम्ल तीव्र’ असे विधान विद्यार्थी सहज करतो. ते कितपत टिकते, हे एका उदाहरणावरून पाहावे. २५ अंश सेल्सिअस तपमानास ॲसेटिक आम्लाच्या ०.१ मोलर द्रावणाचा सामू सुमारे २.८८ असतो. हायड्रोक्लोरिक आम्लाच्या सुमारे ०.००१३ मोलर द्रावणाचा सामूही तेवढाच भरतो. सामू एकच, परंतु पहिले आम्ल सौम्य, दुसरे तीव्र. सोरेनसेन यांनी १९०९ मध्ये हे माप मांडले ते द्रावणातील हायड्रोजन आयनांसाठी. आम्लाच्या जातीसाठी नव्हे. सामूवरून तीव्रतेकडे जावयाचे तर आम्लाची मूळ संहती ठाऊक असावी लागते. वरील ॲसेटिक आम्लात हायड्रोजन आयनांची संहती ०.००१३२ मोलर येते. तिच्या वर्गास अविचरित आम्लाच्या ०.०९८७ मोलर या संहतीने भागले असता विचरण स्थिरांक सुमारे ०.००००१७६ मिळतो. तीव्रतेचे माप हा स्थिरांक होय.

आता शब्दांकडे वळू. व्यवहारात वास तीव्र असतो, वेदना तीव्र असते. तेथे ‘तीव्र’ हे विशेषण अनुभवाची मात्रा सांगते. उलट, पाणी घालून आपण औषध सौम्य करतो. साहजिकच ‘सौम्य आम्ल’ म्हणजे विरल आम्ल, असा अर्थ विद्यार्थ्याच्या मनात उमटतो. परिभाषेने ‘संहत’ व ‘विरल’ ही निराळी जोडी दिली आहे, हे खरे; परंतु ‘आम्लाचा सामू’ अशी षष्ठी योजणारा लेखक तो भेद स्वतःच पुसून टाकतो.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. हायड्रोफ्लोरिक आम्ल विचरणाच्या दृष्टीने सौम्य आहे. तरी ते काच कोरते आणि त्वचेतून खोल शिरून शरीरातील कॅल्शियमला बांधून टाकते. ‘सौम्य’ या शब्दावर विसंबून त्याची बाटली हाताळणाऱ्याची फसगत प्राणांवर बेतू शकते.

रूढ झालेल्या संज्ञा बदलाव्यात, असे येथे सुचवावयाचे नाही. सामू नेहमी ‘द्रावणाचा’ म्हणावा, त्याच वाक्यात संहती द्यावी आणि ‘तीव्र’ हे विशेषण स्थिरांक सांगितल्यावाचून योजू नये. एवढी शिस्त पाळली, तरी गणित आपोआप सुबोध होईल.